काढ्यातले दोन चमचे

सुप्रभाबाई केतकरांच्या घरी पाहुण्याला नको म्हणायची सोय नव्हती. नॉटिंगहॅममध्ये उमेदीची सगळी वर्षं गेली, लहान मुलांची डॉक्टर म्हणून निम्मं शहर हाताखालून गेलं, तरी समोरच्याचं ‘नो, थँक यू’ ही त्यांच्या लेखी नुसती भीड होती, आणि भीड मोडायला त्या हातात डाव घेऊन उभ्याच असायच्या. नवरा शशी म्हणायचा, तुझ्या आग्रहाने माणूस एक दिवस पानावरच जीव सोडेल. बाई हसून त्याच्याच पानात आणखी भात वाढायच्या.

जूनमध्ये गावात हिरवळीवरची टेनिस स्पर्धा होते. मोठे खेळाडू हॉटेलात उतरतात. ज्यांना ते परवडत नाही, त्यांच्यासाठी क्लब गावातल्या घरांना विचारतो, आठवडाभर एखादी मुलगी ठेवून घ्याल का. लेक अनुया लग्न होऊन ब्रॅकनेलला गेल्यापासून वरची खोली रिकामीच होती. बाईंनी लगेच हो म्हटलं आणि त्या खोलीत इनी आली.

पूर्ण नाव इनिओबोंग. नायजेरियातल्या उयो गावची, विशीतली, उंच, आणि बोलायची इतकं हळू की दोनदा विचारावं लागे. वडील तिथल्या क्लबात रॅकेटच्या तारा बांधायचे. भेगा पडलेल्या कोर्टवर, कोणीतरी टाकून दिलेल्या रॅकेटने ती शिकली, मग ट्युनिशिया, इजिप्त, तुर्कस्तान अशा ठिकाणच्या बारक्या स्पर्धा खेळत, दर वेळी व्हिसासाठी जोडे झिजवत इथवर आली होती. तिच्या कोचला तर व्हिसा मिळालाच नव्हता, तो फोनवरून शिकवायचा. आता इथली सेमीफायनल जिंकली की न्यूयॉर्कच्या मोठ्या स्पर्धेच्या पात्रता फेरीत तिचं नाव लागणार होतं. तिच्या देशातल्या फार कमी मुली तिथवर पोचल्या होत्या.

पण पोर विलक्षण भित्री. पाण्याची बाटली स्वतः सील फोडून उघडायची आणि एकदा नजरेआड झाली की ओतून द्यायची. डोकं दुखलं तरी गोळी घ्यायची नाही. पहिल्याच संध्याकाळी जेवताना तिने कारण सांगितलं. तिच्याबरोबर सराव करणारी एक मैत्रीण मावशीने दिलेलं सर्दीचं औषध प्यायली, उत्तेजकांच्या तपासणीत ते निघालं आणि तिच्यावर बंदी आली. बंदी उठली तेव्हा तिला कोणी विचारेना. ती आता पोर्ट हार्कोर्टला मोबाइलच्या दुकानात बसते, असं इनी म्हणाली आणि ताटाकडे बघत राहिली.

बाईंना वाईट वाटलं, पण त्यांनी त्यातून काढलेला अर्थ भलताच होता. या पोरीला आईच्या हातचं मिळत नाही, एवढंच त्यांच्या लक्षात राहिलं. रोज संध्याकाळी त्या तिला हळदीचं दूध देऊ लागल्या. ती थँक यू आंटी म्हणून पेला वर घेऊन जायची आणि सकाळी पेला विसळून ओट्यावर ठेवलेला असायचा. बाई शशीला तो पेला मुद्दाम दाखवायच्या.

क्वार्टरफायनलच्या दिवशी पावसाने खेळ दोनदा थांबला. इनी जिंकली, पण भिजली, आणि सेमीफायनलच्या सकाळी खोकत खोकत खाली आली. छाती नुसती वाजत होती. बाईंनी कपाटातली सिरपची बाटली काढली. आता गंमत बघा, हॉस्पिटलात याच बाई मुलांच्या आयांना सांगायच्या की खोकल्याला औषध लागत नाही, पाणी पाजा आणि वाट बघा. पण स्वतःच्या घरी पुण्याहून येताना दर खेपेला बॅगेत तीच एक बाटली ठरलेली, इथे न मिळणारी. जित्याची खोड, दुसरं काय.

इनीने बाटलीकडे पाहिलं आणि मान हलवली. नाही म्हणजे नाही. मग बाई म्हणाल्या, बरं, राहिलं, निदान काढा तरी घे. त्यात काय काय असतं ते तिने विचारलं. आलं, तुळस, मिरी, गूळ, असं त्यांनी एकेक डबा उघडून दाखवलं. ती बूट बांधायला वळली, आणि बाईंनी सिरपचे दोन चमचे काढ्यात सोडले. अनुया आणि तिचा भाऊ नकुल लहानपणी औषधाला तोंड वाकडं करायचे तेव्हा त्यांनी हेच केलं होतं. हात आपोआप गेला. मनात पाप नव्हतं, विचारही नव्हता.

इनी कप वर घेऊन जायला निघाली. बाई आडव्या आल्या. गरम आहे तोवर इथेच पी, माझ्यासमोर. ती कप हातात फिरवत उभी राहिली.

“अगं, मी डॉक्टर आहे,” बाई म्हणाल्या. “माझ्यावर विश्वास ठेव.”

इनीने त्यांच्याकडे पाहिलं आणि कप रिकामा केला. बाहेर स्पर्धेची गाडी येऊन थांबलीच होती.

ती गेल्यावर अनुयाचा फोन आला. अनुया फिजिओ, तिकडे एका रग्बी टीमबरोबर काम करते. बाईंनी मोठ्या कौतुकाने सांगितलं की पोरीला कसं गुपचूप औषध पाजलं, तुम्हाला पाजायचे तसंच.

“मम, तो बाटलीवर काय लिहिला आहे? रीड इट टू मी.”

बाईंनी चष्मा लावून वाचलं. मधल्या नावाला त्यांची जीभ अडखळली. टर्ब्युटालिन. दम्याचं औषध, श्वासनलिका मोकळ्या करणारं. हे त्यांना ठाऊक का नव्हतं? चांगलं ठाऊक होतं. पण खेळाचा आणि त्याचा संबंध कधी डोक्यातच आला नव्हता.

“मम, दॅट्स बॅन्ड,” अनुया म्हणाली. “ऑल द टाइम. ती टेस्ट झाली तर फिनिश्ड आहे. तू तिला आत्ता सांग.”

इनीला फोन लावला, तो बंद. सामन्याच्या दिवशी ती फोन बंदच ठेवते. बाटली पर्समध्ये टाकून त्यांनी गाडी काढली. वाटेत एका सिग्नलला हिरवा होऊनही त्या हलल्या नाहीत, मागच्याने हॉर्न दिला.

त्या पोचल्या तेव्हा सामना नुकताच सुरू होत होता. ऑफिसात जाऊन निरोप देता आला असता. त्या दारापर्यंत गेल्याही. आत एक मुलगी हसून म्हणाली, कॅन आय हेल्प? आणि बाईंच्या डोळ्यांपुढे भलतंच उभं राहिलं. पाहुणीला तिने नको म्हटलेलं औषध फसवून पाजलं, आणि तेही एका डॉक्टरने. हे मेडिकल कौन्सिलला कळलं तर रजिस्ट्रेशन राहील? रिटायरमेंट तोंडावर आलेली, आयुष्यभराचं नाव. नथिंग, म्हणाल्या त्या, आणि प्रेक्षकांत जाऊन बसल्या. स्वतःची शरम वाटली, तरी बसल्या.

कोर्टवर इनी सुरेख खेळत होती. सकाळी जिना उतरताना धापा टाकणारी मुलगी, आता लांब लांब रॅली झाल्या तरी तिचा श्वास लागत नव्हता. बाई कान देऊन ऐकत राहिल्या. ती एकदाही खोकली नाही. औषध आपलं काम करत होतं, आणि तिचा प्रत्येक चांगला फटका बाईंच्या काळजात लागत होता.

कोर्टच्या कोपऱ्यात गळ्यात ओळखपत्र अडकवलेली एक बाई हातात फाइल घेऊन उभी होती. ती खेळ बघत नव्हती, खेळाडूंकडे बघत होती. सुप्रभाबाईंनी शेजारच्या गृहस्थाला विचारलं, ही कोण. तो म्हणाला, ड्रग टेस्टवाले. आज बहुतेक जिंकणारीला नेतील.

लोक आपलं माणूस जिंकावं म्हणून देव पाण्यात घालून बसतात. सुप्रभाबाई ती हरावी म्हणून बसल्या. गणपतीला, अंबाबाईला, सगळ्यांना सांगून झालं. बॉल नेटला लागू दे, पाय घसरू दे, फार लागू नये पण घसरू दे. पोरगी दुसऱ्या सेटमध्ये मागे पडली तेव्हा त्यांना इतकं हायसं वाटलं की शेजारचा गृहस्थ चमकून बघू लागला. मग इनीने गेममागून गेम घेतले. शेवटचा बॉल रेषेवर पडला, टाळ्या झाल्या, आणि ती गुडघ्यांवर बसून रडू लागली.

फाइलवाली बाई तिच्याजवळ गेली. काही बोलणं झालं. इनीने डोळे पुसले, प्रेक्षकांत नजर फिरवली आणि सुप्रभाबाई दिसताच हात वर केला. तपासणीला बरोबर एक आपलं माणूस नेता येतं. कोच तिकडे दूर होता, त्यामुळे तिने आंटीला बोलावलं.

तपासणीची खोली लहानशी, टेबलावर सीलबंद पाण्याच्या बाटल्या मांडलेल्या. फाइलवाली दारातच उभी राहून कोणाशी तरी बोलत होती. इनीचा चेहरा नुसता उजळला होता. न्यूयॉर्क, आंटी, ती म्हणाली, बाबांना सांगितलं तर ते खुर्चीवरून पडतील.

आत्ता गप्प बसलं तर कोणाला काय कळणार होतं? सिरप कुठून आलं हे इनीला कधी सांगताच आलं नसतं. ती शपथा घेत राहिली असती आणि कोणी विश्वास ठेवला नसता. हे मनात आलं आणि बाईंना स्वतःचीच भीती वाटली. त्यांनी पर्समधली बाटली काढून तिच्या पुढ्यात ठेवली आणि सगळं सांगितलं.

इनीने बाटली उचलली नाही. नुसती वाचली. बाईंना वाटलं, ओरडावं हिने, मारावं मला.

“दूध मी रोज बेसिनमध्ये ओतायचे, आंटी,” ती म्हणाली. “सॉरी. मी सगळ्यांकडचं ओतते. आईकडचंसुद्धा. फक्त आज सकाळचं प्यायले. तुम्ही म्हणालात, तुम्ही डॉक्टर आहात.”

दार लागलं आणि फाइलवाली समोर येऊन बसली. तिने नेहमीचा प्रश्न विचारला, गेल्या काही दिवसांत कुठलं औषध घेतलं होतं का. इनी जमिनीकडे बघत होती.

“तिने घेतलं नाही,” सुप्रभाबाई म्हणाल्या. “मी दिलं. ती नको म्हणाली होती, म्हणून मी लपवून दिलं. मी डॉक्टर आहे, माझं नाव लिहून घ्या.”

फाइलवालीने पेन थांबवून त्यांच्याकडे पाहिलं, मग नाव विचारलं. बाईंनी एकेक अक्षर सांगितलं. याने मुलगी सुटेल का, असं त्यांनी विचारलं. ती म्हणाली, ते माझ्या हातात नाही, निकाल यायला काही आठवडे जातील. मग इनीकडे वळून म्हणाली, थोडं पाणी पी, म्हणजे सँपल देता येईल.

बाईंचा हात सवयीने पुढे गेला. त्यांनी एक बाटली उचलली, झाकण फिरवून उघडली आणि तिच्यापुढे धरली. इनीने ती हळूच त्यांच्या हातातून घेतली, टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ठेवली आणि स्वतःसाठी दुसरी घेतली.