तोटीपुढचा जप

“डोंगराची पहिली वाईन कशातही मिसळू देऊ नकोस, सूनबाई. या घरात कायम शुद्धीवर असणारी तू एकटीच आहेस,” असं सासरे मला म्हणाले होते. डोंगरावरच्या जुन्या वेलींना मुळापासून कीड लागली, तेव्हा त्यांनी अख्खा उतार उपटून नव्यानं लावला. त्या वेली फळाला यायच्या आधीच ते गेले. मी वाईनचा थेंबही घेत नाही, त्यामुळे चवीतलं मला काही कळत नाही. पण शब्द दिला होता.

यंदा पहिली वाईन झाली. कोवळ्या वेली, दगडगोट्यांचा उतार आणि सतत भणाणणारा वारा. द्राक्षं आली ती माझ्या माळेच्या मण्यांएवढी. आमच्या यांनी एक घोट घेतला आणि यांचा डावा डोळा मिटला तो बराच वेळ उघडलाच नाही.

“यापेक्षा लिंबू बरं,” हे म्हणाले. “मामाच्या गिऱ्हाइकांना खालच्या मळ्यातली गोडसर वाईन लागते. ही तिच्यात ओतून टाकू. कुणाला पत्ता लागणार नाही.”

आमची सगळी वाईन यांच्या मामांच्या दुकानात जाते. दुसऱ्या दिवशी ते चव बघायला येणार होते.

मी नको म्हटलं. पण मी बोलते हळू, आणि यांना ऐकू येतं ते सोयीचं तेवढंच.

सकाळचा जप पुरा होईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही, असा माझा नेम. यांना तो पक्का ठाऊक. म्हणून तर दुसऱ्या दिवशी मी माळ हातात घेतली न घेतली तोच तळघरातून पाइप ओढल्याचा आवाज आला.

मी आसन उचललं, खाली गेले आणि डोंगराच्या वाईनच्या टाकीपुढे, तोटीला पाठ लावून बसले. डोळे अर्धेच मिटले.

“अगं, इथे काय? ऊठ.”

मी मणी पुढे सरकवला.

“किती वेळ आहे अजून?”

जप निदान किती करावा हे ठरलेलं असतं. जास्तीत जास्त किती, हे कुणी ठरवलेलं नाही. माळ संपली, मी पुन्हा सुरू केली.

“आई, हिला सांग ना जरा.”

सासूबाई जिन्यात येऊन उभ्या राहिल्या. “देवाचं नाव घेतेय ती. मी कशाला पाप घेऊ डोक्यावर? तुझ्यात हिंमत असेल तर उचलून ठेव बाजूला.”

यांनी माझ्याकडे पाहिलं, पाइपकडे पाहिलं आणि बादली पालथी घालून तिच्यावर बसले. माझ्या पायांना मुंग्या आल्या होत्या, पण बोलायची सोय नव्हती.

“बरं, मामाला नुसती चाखवतो,” शेवटी हे म्हणाले. “त्याला आवडली तर नाही मिसळणार. शिवाय डोंगरावरची छाटणी गडी न लावता मी स्वतः करीन. मग तर झालं?”

चढ म्हटला की यांचे गुडघे घरातच दुखू लागतात. म्हणजे मामांना आवडणार नाही, याची यांना केवढी खात्री होती बघा.

मी पेला तोटीखाली जाईल एवढीच सरकले.

मामा आले. घोट घेतला. त्यांचाही डोळा मिटला. यांचा चेहरा खुलला.

“आंबट आहे,” मामा म्हणाले.

“तेच तर मी हिला...”

“थांब रे.” मामांनी आणखी एक घोट तोंडात घोळवला. “मागून ओल्या दगडासारखा वास येतोय. गोड पिऊन पिऊन जीभ जड झाली होती, धुऊन निघाली.” त्यांनी पेला पुढे केला. “घाल अजून.”

“मामा, सकाळ आहे.”

“मग थोडी घाल. आणि ही वेगळ्या बाटल्यांत भर. त्या गोडमिट्ट वाईनमध्ये ओतलीस तर माझ्या दुकानाची पायरी चढू नकोस.”

“तुझ्या सासऱ्यांवरच गेलीय,” सासूबाई जिन्यातून म्हणाल्या. “तेही आधी झोंबायचे.”

मी शेवटचा मणी ओढला, माळ डोळ्यांना लावली आणि तोंड उघडलं. “चहा टाकू का?”

मामा हो म्हणाले. यांनी पाइप गुंडाळून ठेवला, खुंटीवरची छाटणीची कात्री काढली, धार अंगठ्यावर पाहिली आणि मागच्या दारानं, गुडघ्यावर हात टेकत, डोंगराच्या वाटेला लागले.