बायकांकडचा पडदा

"आरं आकाराम, मास्तरला सरळ कर की. पाय टकुऱ्यावर आल्यात त्येचं."

तंबूत खसखस पिकली. पडद्यावर मास्तरांचे पाय वरच्या निम्म्यात होते आणि मिशा खालच्या निम्म्यात. आकारामने यंत्राची खुंटी फिरवली, तसे मास्तर गपकन जागेवर आले आणि मोरजाईवाडीच्या जत्रेत 'मास्तर परत आले' सुरू झाला.

या सिनेमाची वाट तासगाव-विट्याकडच्या मुलखाने एकोणीस वर्षे पाहिली होती. त्याचा पहिला भाग, 'मास्तर गावाला गेले', याच वाडीत घेतलेला. मास्तर सुट्टीवर गेल्यावर पोरे शाळा कशी चालवतात, याची ती गंमत. तेव्हा मुंबईची माणसे तंबू ठोकून राहिली, गावची कोंबडी संपवली आणि जाताना दोन पोरांना अमर करून गेली. एक आकाराम. त्याला उभ्या सिनेमाभर रडायचे काम होते, आणि ते त्याने इतके जीव ओतून केले, की पुढे त्याच्या लग्नातही वऱ्हाडी म्हणाले, "नवरदेवा, जरा रडून दाव की."

दुसरा नाथाजी, अंबूबाईचा एकुलता एक. तो डावरा. मास्तरांची भाकरी चोरून डाव्या हाताने खायची आणि मास्तरांनी विचारले, की उजवा हात पुढे करून म्हणायचे, "वास घेऊन बघा गुर्जी, ह्यो हात उपाशी हाय." या एका वाक्यावर सिनेमा तीन जिल्ह्यांत चालला.

पुढच्याच वर्षी नाथाजी सिनेमात जायला म्हणून घरातून पळाला. लोणंदला रुळांच्या कडेला एक पोरगा सापडल्याचे कळले, तेव्हा बाप जोतिबा गेला. तोंड ओळखण्यासारखे नव्हते. सदरा ओळखून जोतिबाने तिथेच अग्नी दिला आणि सदरा घेऊन परत आला. अंबूबाईने सदरा उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाली, "असलं सदरं बाजारात ढिगानं मिळत्यात." तिने दहावे घालू दिले नाही, त्याचे मडकेही दारात येऊ दिले नाही. पुढे जोतिबा वारला, तेव्हापासून पितरपाटात त्याच्या नावाने पान वाढायची, पोराच्या नावाने कधी नाही. कुणी विषय काढलाच तर म्हणायची, "जित्या माणसाचं पान कावळ्याला घालू व्हय?"

आकाराम मोठा झाला आणि भाऊसोंच्या तंबूत यंत्र चालवायला लागला. सातारा-सांगलीतल्या जत्रा, उरूस, बाजार हिंडायचे, रडक्या म्हणून ओळख द्यायची आणि दिवा पेटवायचा, एवढेच त्याचे आयुष्य. आणि आता भाऊसोंनी नवा सिनेमा आणला होता तो थेट मोरजाईवाडीला.

या तंबूची रीत सांगायला हवी. पडदा मधोमध. पुढच्या अंगाला यंत्र आणि बाप्ये, पाठीमागच्या अंगाला बायका. कापडावर पाणी मारायचे, म्हणजे चित्र आरपार जाते. एका दिव्यात दोन तंबू भागतात आणि पुरुषांच्या शिट्ट्या बायकांना लागत नाहीत. बायकांना सगळे उलटे दिसायचे, पण त्याचे कुणाला काही वाटत नसे. शाळा शिकलेल्या पोरी तर नावेही उलटीच झरझर वाचायच्या आणि वर्गात सुलटी अक्षरे आली, की अडखळायच्या, असे म्हणतात. अंबूबाई जन्मात पडद्याच्या पुढे बसली नव्हती. पहिला सिनेमा आला तेव्हा तिने पाठीमागून नाथाजीला उजव्या हाताने भाकरी खाताना पाहिले आणि समाधानाने म्हणाली होती, "चला, शिनेमावाल्यांनी पोराचा हात तरी सुधारला."

नव्या सिनेमात पोरे बाप्ये झाली होती. म्हातारे मास्तर परत येतात आणि सगळ्यांना जेवायला बोलावतात. आकारामच्या कामाला पुण्याचा एक गोरापान नट घेतला होता. त्याला एकदाही रडू आले नाही, म्हणून लोक नाराज झाले. नाथाजीचे काम करणारा बरा होता. सावळा, जाड भुवयांचा. पण पंगतीत तो भाकरी मोडायला लागला आणि पुरुषांकडून आरडाओरडा झाला.

"आरं ह्यो कसला नाथाजी? उजव्या हातानं खातुया."

"इसारला आसंल. एकोणीस वर्सं झाली की."

तेवढ्यात पडद्यापलीकडून अंबूबाईच्या शेजारणीचा, राहीबाईचा, खणखणीत आवाज आला. "डोळं फुटलं का रं मुडद्यांनो? चांगला डाव्या हातानं खातुय की."

"उजव्या."

"डाव्या. तुजा उजवा कंचा त्ये ठाव हाय का तुला?"

पडद्याच्या दोन्ही बाजूंनी भांडण लागले आणि मास्तर मधे बोलत राहिले. आकाराम हसत होता. अंबूबाई त्या अंधारात काय बघत होती, हे त्याला दुसऱ्या दिवशी कळले.

सकाळी तो तिच्याकडे चहाला गेला तर दारातली शेळी राहीबाईच्या दावणीला गेलेली. अंबूबाई चुलीपुढे बसून दशम्या थापत होती.

"काकू, कुठं निघाला?"

"म्हमईला. उंद्या जत्रा उलगडली, की परवाच्या पयल्या गाडीनं."

"कुणाकडं?"

"कुणाकडं म्हंजी? त्यो दिसला न्हवं काल." तिने दशमी उलथली. "भुवया त्याच्याच. जोतिबाच्या घराण्यातल्या. आन् डाव्या हातानं मोडली भाकरी, अशी, अंगठा पोटात घालून. तवा तुमी त्याला सदऱ्यावरनं मारला. मी हातावरनं वळाकला."

आकारामने पडदा, दिवा, पाठीमागची बाजू, सगळे समजावून सांगितले. भिंतीवरचा आरसा काढून तिच्यापुढे धरला. "ह्यात बघा, तुमचा उजवा हात डावा दिसतुय का न्हाई?"

तिने पाहिले. "दिसतुय. पर आरशात माणूस बदलतंय व्हय रं? मीच हाय की त्यात."

आकारामने आरसा परत भिंतीला टांगला. तो नट मुंबईत कुठल्या माडीवर राहतो देव जाणे. ही म्हातारी त्याच्या दारात जाऊन 'नाथा' म्हणणार आणि तो नोकराला हाक मारणार. किंवा दारापर्यंत पोचणारच नाही, कुठल्याशा फलाटावर बसून राहील. मुंबईने तिचा एक माणूस वाटेतच खाल्ला होता.

"काकू," तो म्हणाला, "माझं एक ऐका. उंद्याचा शेवटचा खेळ पुढनं बघा. बाप्यांच्यात बसून. उजव्या हातानं खाताना दिसला, तर शेळी परत दारात बांधायची."

"आन् डाव्या हातानं दिसला तर?"

"तर मी सोताच तुमास्नी म्हमईला घिऊन जातो," आकाराम म्हणाला. यंत्र त्याच्या हातात होते. त्याला कसली भीती?

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला अंबूबाई पडद्याच्या पुढे आली. पुढे बसलेल्या तात्याबाने आपले घोंगडे झटकून तिला जागा करून दिली. ती बसली, पदर कानापर्यंत ओढला आणि पडद्याकडे न बघता आधी मागे वळून यंत्राकडे पाहिले. जणू कुणी ओळखीचे तिथून यायचे होते.

खेळ सुरू झाला. नावे सुलटी उमटली. आकारामने फिल्म तीनदा तपासून चढवली होती. उलटी चढली असती तर आवाजच गेला असता. पण आवाज स्वच्छ होता. पोरे भेटली, मास्तर आले, तात्याबा पोट धरून हसला. मग पंगत बसली. नाथाजीचे काम करणाऱ्या माणसापुढे पितळी आली आणि त्याने डाव्या हाताने भाकरी उचलली.

कुणी ओरडले नाही. आकारामने डोळे चोळले. डावा. अंगठा पोटात घालून त्याने भाकरी मोडली, कोरड्यासात बुडवली आणि घास तोंडात घातला. शेजारी मास्तर बसले होते, त्यांच्या डाव्या खांद्यावर उपरणे होते, तसेच परवाही होते. भिंतीवरचे कॅलेंडर सुलटे वाचता येत होते. सगळी पंगत जिथल्या तिथे होती. फक्त त्या एका माणसाचा हात बदलला होता.

आकारामला वाटले, आता पाठीमागून उजवा दिसत असणार. नियम आहे तो उजेडाचा, माणसासाठी मोडत नाही. त्याने यंत्र तसेच सोडले, जे ऑपरेटरने कधी करू नये, आणि कनातीच्या कडेने धावत बायकांकडे गेला.

बायका गुडघ्यांना मिठ्या मारून बसल्या होत्या. पडद्यावर मास्तरांचे उपरणे उजव्या खांद्यावर होते. कॅलेंडर उलटे होते. आणि नाथाजी डाव्या हातानेच जेवत होता.

"लय येळ खातुय रं आज," राहीबाई हळूच म्हणाली. "परवा दोनच घास खाल्लं हुतं."

तेही खरे होते. दोन घास झाले, की मास्तर ठसकतात आणि सगळे हसतात. आज मास्तर ठसकत नव्हते. बाकीचे नट हात आवरून बसले होते, घरात बऱ्याच दिवसांचा उपाशी आला म्हणजे माणसे बसतात तशी. आवाज म्हणाल, तर भाकरी चावल्याचा तेवढा येत होता.

आकाराम परत पळाला. दिव्यातल्या कोळशाच्या कांड्या जळून मागे सरल्या होत्या, उजेड तांबूस झाला होता. कांड्या जवळ आणायला त्याने हात घातला आणि त्याचे लक्ष वरच्या चकरीकडे गेले. चकरी फिरत होती, फिल्म खाली उतरत होती, आणि चकरीवरची फिल्म कमी होत नव्हती. जात्यात घास पडावा आणि सुपातले दाणे आहेत तेवढेच राहावेत, तसे. त्याने कांड्यांना हात लावला नाही.

तांबूस उजेडात त्या माणसाने अख्खी भाकरी संपवली. बोटे चाटली. मग मान वर करून समोर पाहिले. समोर म्हणजे कुठे, ते कुणालाच नीट सांगता आले नाही. पुढच्यांना वाटले आपल्याकडे, आणि पाठीमागच्या बायका नंतर शपथेवर म्हणाल्या, की आमच्याकडे. त्याचे तोंड एका बाप्याचे होते, कानाजवळचे केस पिकायला लागलेले. अंबूबाई उठून उभी राहिली. मागच्या कुणीही तिला 'खाली बस' म्हटले नाही.

मास्तर ठसकले. पंगत हसली. आकारामने कांड्या जवळ आणल्या, उजेड पांढरा झाला, आणि पितळीवरचा हात उजवा होता.

खेळ संपल्यावर माणसे नेहमीपेक्षा लवकर पांगली. तात्याबा घोंगडे विसरून गेला. अंबूबाई पडद्याजवळ उभी होती. आकाराम तिच्याजवळ गेला. त्याला तिची दृष्टी चुकवायची होती, पण ती त्याच्याकडे बघतच नव्हती. तिने कापडाला तळहात लावला, कड धरून पलीकडे डोकावली, पुन्हा अलीकडे आली.

"काकू, मी सबूद दिलाय," तो म्हणाला. "न्हेतो तुमास्नी."

"आकारामा, एवढी वर्सं मला वाटायचं, मी पाठीमागं बसलिया. पुढच्या अंगाला गेलं, की गाठ पडंल." तिने कापडाची कड सोडली. "पुढं बी पडदाच हाय रं."

"तुमी बघितलासा न्हवं? डावा हात?"

"हात न्हाई बघितला मी. केस बघत हुते. पिकायला लागल्यात." तिने पदराने तोंड पुसले. "चांगला दिसला असता की म्हातारपणी."

सकाळी तंबू उतरत असताना आकारामने ती फिल्म उन्हात धरली. अक्षरे सुलटी धरून चित्रामागून चित्र बघत गेला. उजवा हात, उजवा हात, दोन घास, मास्तरांचा ठसका. भाऊसो म्हणाले, "काय शोधतुयास?" तो म्हणाला, "कुठं चरा पडलाय का बघतुय."

पहिल्या गाडीचा हॉर्न वाजला, तसे त्याने फिल्म डब्यात टाकली आणि चपला हातात घेऊन मोटारतळाकडे धावला. गाडी उभी होती, कंडक्टर "सातारा, सातारा" ओरडत होता. अंबूबाई गाडीत नव्हती, रांगेत नव्हती.

ती रस्त्याच्या पलीकडे सुलाबाई कुंभारणीच्या दारात उकिडवी बसली होती. धुतलेले लुगडे नेसली होती. पुढ्यात लहान मडकी मांडलेली.

"केवढं पायजे, अंबूबाय?" सुलाबाईने विचारले. कशासाठी, हे तिने विचारले नाही.

"ल्हानच दी. पर चिरीचं नको."

गाडी धुरळा उडवत गेली. अंबूबाईने डोळ्यांवर हात धरला, धुरळा बसू दिला आणि एकेक मडके उचलून, बोटाच्या पेराने वाजवून, कान देऊन ऐकू लागली. एक झाले, खाली ठेवले. दुसरे झाले, खाली ठेवले. सुलाबाई घाई करत नव्हती. आकाराम चपला हातात धरून तसाच रस्त्याच्या अलीकडे उभा राहिला.