ठोकेसाहेबांची हातोडी

मित्रांनो, मी एक जुनी हातोडी आहे. आकाराने लहान, भिंती पाडणं माझ्या कुळात बसत नाही. माझं काम ठोकून ऐकण्याचं. बोल्ट घट्ट असेल तर माझ्याशी खणखणीत बोलतो, सैल असेल तर नुसता 'ठप्प' करून गप्प बसतो.

माझा जन्म सैन्याच्या कार्यशाळेत झाला. मोडलेल्या ट्रकच्या आसाचा तुकडा लोहाराने तापवला, घडवला आणि मला एका तरुण कप्तानाच्या हातात दिलं. "साहेब, दांड्याला तेल पाजत जा, ही जन्मभर पुरेल," एवढंच तो म्हणाला. कप्तान पूल बांधणाऱ्या पलटणीत होते. नदीवर लोखंडी पूल जोडायचा, सैन्य पलीकडे गेलं की सोडवून पुढच्या नदीवर न्यायचा.

त्या पलटणीची एक रीत होती. पुलावरून पहिली गाडी जाताना पूल बांधणाऱ्याने पुलाखाली उभं राहायचं. त्यामुळे साहेब आधी एकेक बोल्ट माझ्याकडून तपासून घेत. ही सवय त्यांच्या हाडीमासी खिळली. टेबलाचे पाय, दाराच्या बिजागऱ्या, कलिंगड, जे समोर येईल ते ठोकून बघायचे. जवान त्यांना पाठीमागे ठोकेसाहेब म्हणत. घरी त्यांच्या पत्नी, बाईसाहेब, तोंडावर सांगत, "अहो, निदान पाहुण्यांची खुर्ची तरी ठोकू नका. त्यांना वाटतं, त्यांच्या वजनाची शंका आहे."

वर्षं गेली. कप्तानाचे जनरल झाले, केस पिकले, गुडघे कुरकुरू लागले. निवृत्तीनंतर त्यांना एका राज्याचं राज्यपालपद मिळालं. मोठा बंगला, लांबलचक गालिचे, दाराशी पहारा. मला मिळालं दिवाणखान्यातलं काचेचं कपाट. पदकांच्या शेजारी, मखमली उशीवर मी पडून असायचे. पाहुणे "वा, काय साधेपणा!" म्हणत आणि चहाकडे वळत. नोकर रोज काच पुसायचा, पण माझ्या दांड्याला तेल कोणी लावलं नाही. कपाटातल्या दिव्याच्या उबेने लाकूड सुकत गेलं. मला फार वाईट वाटायचं. साहेबांचंही फारसं वेगळं नव्हतं. सह्या करायच्या, भाषणं वाचायची, फिती कापायच्या.

अशात शहराबाहेरच्या नदीवर नवा लोखंडी पूल तयार झाला. पलीकडच्या मुलांचा शाळेसाठीचा लांबचा वळसा आता वाचणार होता. फीत कापायला साहेबांना बोलावणं आलं. निघताना त्यांनी कपाट उघडलं आणि मला खिशात घातलं.

"साहेब, तिथे कात्री लागेल," सचिव चाचरत म्हणाले.

"कात्री त्यांची असेल. हातोडी आपली."

पुलाच्या तोंडाशी फुलांनी मढवलेली भलीमोठी कमान होती. बँड होता, खुर्च्या होत्या आणि मुलांनी भरलेली शाळेची बस तयार उभी होती. पूल बांधणाऱ्या तरुण इंजिनिअर बाईंना साहेबांनी पलटणीची रीत सांगितली.

"मी उभी राहीन, सर," त्या लगेच म्हणाल्या. "माझा पूल आहे. सगळे बोल्ट मी स्वतः तपासलेत."

"शाबास! मग मीही येतो. पण आधी ठोकून बघू."

साहेब ठोकत निघाले. खण, खण, खण. किती वर्षांनी मी बोलत होते! कमानीपाशी आल्यावर त्यांनी फुलांच्या माळा सारून ठोकलं, आणि माझं डोकं दांड्यातून निसटून समारंभाला आलेल्या मंत्र्यांच्या बुटाशी पडलं. लोक हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कारण निसटताना आवाज आला होता, 'ठप्प'. तो बोल्टचा होता की माझ्याच सैल डोक्याचा, हे साहेबांनाही सांगता येईना.

समारंभात बरी दिसणार नाही म्हणून हत्यारांची गाडी आदल्या दिवशीच परत धाडली होती. ती नुसत्या शंकेवर बोलवायला कोण तयार होणार? आणि राज्यपालाने फीत कापायची असते, पूल अडवायचा नसतो.

"राहू द्या आता, साहेब," मंत्री घड्याळाकडे बघत म्हणाले. "मुलं ताटकळलीत."

"मुलं आहेत म्हणूनच थांबायचं. बादलीभर पाणी आणा."

साहेबांनी माझं डोकं पुन्हा दांड्यावर बसवलं आणि मला बादलीत उभं केलं. सगळा समारंभ माझ्यासाठी खोळंबला. बँडवाल्यांनी येत होती तेवढी गाणी वाजवली, मग तीच पुन्हा वाजवली. हळूहळू लाकूड फुगलं आणि डोकं घट्ट बसलं.

साहेबांनी पुन्हा ठोकलं. ठप्प. शेजारचा बोल्ट, तोही ठप्प.

इंजिनिअर बाईंनी भराभर माळा ओढून काढल्या. मांडववाल्यांनी पुलाचे बोल्ट सैल करून त्यांत कमानीच्या पट्ट्या अडकवल्या होत्या.

"काल हे घट्ट होते, सर," त्यांचा आवाज कापत होता.

"असणारच. आता काय करायचं?"

त्या मंत्र्यांकडे वळल्या. "कमान उतरवा. बोल्ट आवळल्याशिवाय बस जाणार नाही." या वेळी आवाज कापला नाही.

कमान उतरली, हत्यारं आली, बोल्ट आवळले गेले. मी प्रत्येकाशी बोलून आले. सगळ्यांनी खणखणीत उत्तर दिलं. मग बस निघाली. पुलाखाली साहेब आणि इंजिनिअर बाई उभे होते, आणि समारंभाला सोबत आलेल्या बाईसाहेबही खाली उतरल्या. "इतकी वर्षं काठावर जीव मुठीत धरून उभी राहिले," त्या म्हणाल्या. "त्यापेक्षा इथे बरं." डोक्यावरून बस गडगडत गेली. पलीकडून मुलांचा गलका ऐकू आला.

साहेबांनी मला इंजिनिअर बाईंच्या हातात दिलं. "तेल पाजत जा," एवढंच म्हणाले. पाणी हा घाईचा उपाय. लाकूड सुकलं की डोकं पुन्हा सैल होतं. बाईंनी दुसऱ्याच दिवशी नवी पाचर मारली, दांड्याला तेल लावलं. आता मी त्यांच्या पिशवीत असते.

मित्रांनो, तुमच्याही घरी एखादं जुनं हत्यार, नाहीतर जुनं माणूस, मानाच्या जागी बसवलेलं असेल. त्याची नुसती धूळ पुसू नका. त्याला थोडं तेलपाणी करा आणि त्याचं काम त्याला करू द्या.

कधीतरी बंगल्यातून साहेबांचा फोन येतो. "काय म्हणतेय आमची?" ते विचारतात. बाई काही सांगत बसत नाहीत. फोन बोल्टजवळ धरतात आणि मला ठोकतात. पलीकडे साहेब ऐकत असतात.