सनातूचं हाड

"अहो, तुमची कोंबडी बघा कशी हुंदडतेय," सनातू चटईवर पडल्या पडल्या नवऱ्याला म्हणाली. "आणि मी आपली इथे ओंडक्यासारखी."

नपारी हाडवैद्य होता. हाड बसवण्यात त्याचा हात धरणारं पंचक्रोशीत कुणी नव्हतं. बापाने शिकवलेली रीतच तशी होती. माणसाचं हाड मोडलं की कोंबडीचाही पाय मोडायचा, दोघांना एकच पाला बांधायचा. कोंबडी चालली की माणसाला उठवायचं. सनातू शियाच्या झाडाखालची फळं वेचताना खड्ड्यात पडली, तेव्हाही त्याने तेच केलं होतं. आता कोंबडी चालत होती, म्हणून त्याने तिला काखेत हात घालून उभं केलं. पाय टेकताच ती जांघ धरून किंचाळली.

दुसऱ्या दिवशी त्याने मुकाट्याने गाडी ठरवली.

शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी एक्स-रेचा फोटो उजेडासमोर धरला. "मांडीच्या हाडाला मधे रक्त भरपूर असतं, बाबा. तिथे मोडलं तर जुळून येतं. हे मोडलंय वर, हाडाच्या मानेत. खुब्यात बसणाऱ्या वरच्या गोळ्याला रक्त जातं ते मानेवरून चढणाऱ्या बारीक नसांतून. त्या तुटल्या की गोळा उपाशी मरतो. लगेच आणलं असतंत तर खिळे मारून वाचवायला बघितलं असतं. आता तो काढून धातूचा बसवायचा. इतके दिवस पाला बांधत कोण होतं?"

"कुणी नाही," सनातू झटकन म्हणाली. "मीच हट्टी. घरात पडून राहिले."

नपारीने मान खाली घातली. बायको आपल्यासाठी खोटं बोलतेय आणि आपण ते बोलू देतोय, याची त्याला मनस्वी लाज वाटली.

शस्त्रक्रिया नीट पार पडली. शरीराचा तुकडा उघड्यावर टाकायचा नसतो, म्हणून नपारीने तो गोळा मागून घेतला. गावी येऊन त्याने तो पांढऱ्या फडक्यात गुंडाळला, अंगणाच्या कडेला पुरला आणि दुआ म्हटली. हातपाय मोडलेली माणसं भिंतीच्या सावलीत त्याची वाट पाहत होती.

"कोण गेलं रे बाबा?" मुलाला टेकून बसलेल्या एका म्हातारीने विचारलं.

"सनातूचं हाड गेलं. माझ्या हातून."

नपारीने माती सारखी केली, हात धुतले आणि म्हातारीसमोर बसला.

"तुला कुठे दुखतंय, आई?"

"जांघेत."

त्याने तिच्या पायाला हात लावला नाही. तिच्या मुलाला शहराची गाडी आणायला पाठवलं आणि ती येईपर्यंत म्हातारीला आपल्या खांद्याशी टेकू दिलं.