कॉलरला गेलेला शेवट

मित्रांनो, मी एक जुना मोबाइल आहे. जुना म्हणा, चालेल. भंगार म्हणालात तर राग येईल. नवा होतो तेव्हा दुकानदार मला फुंकर मारून पुसायचा. पुढे तीन मालक झाले. तिसऱ्याने मला पायरीवर पाडलं, तेव्हापासून काचेच्या खालच्या पट्टीला बोट लागलेलं कळत नाही. मग शिवणकाम करणाऱ्या मावशीकडे आलो आणि बटणांच्या डब्यात पडून राहिलो.

मावशीकडे एक कादंबरी होती, शेवट नसलेली. वीस वर्षांपूर्वी एका घाईच्या शर्टासाठी कॉलरच्या मापाचा कागद हवा म्हणून तिने स्वतःच शेवटची पानं कापली, तीही न वाचता. "घर सोडून गेलेली ती बाई परत आली का हो?" असं ती गिऱ्हाइकांनाही विचारायची. आता तर तिची नजर अशी गेली, की सुईत दोरा ओवायलाही भाची लागते.

ही भाची म्हणजे नाकाच्या शेंड्यावर राग. वाचताना अडखळते म्हणून वर्ग हसला, तर हिने शाळाच सोडली. तिनेच मला डब्यातून काढलं.

"थांब मावशी, तुझी कादंबरी तुला फुकटात ऐकवते."

पहिल्या ॲपने गोष्टीआधीच कार्डाचा नंबर मागितला. "हे कसलं फुकट?" म्हणत तिने ते उडवलं. दुसऱ्यात कादंबरी ऐकू आली, पण मध्येमध्ये साबणाची जाहिरात.

"ती बिचारी घर सोडून निघालीये आणि ह्यांना धुणं सुचतंय," मावशी म्हणाली.

दहाव्या भागानंतर तिथेही कुलूप लागलं. पुढचं ऐकायचं तर पैसे भरा.

तिसरं ॲप मात्र खरंच फुकट होतं. आवाज नव्हता, नुसती पानं. पण अगदी शेवटपर्यंतची. फक्त पान उलटायचं बटण नेमकं माझ्या मेलेल्या पट्टीवर. पोरीने दहादा बोट आपटलं आणि मला भिंतीवर फेकायला हात उचलला. मी डोळा मिटला असता, पण कॅमेरा मिटत नाही.

"अगं, कापड उभ्यात बसत नसेल तर आपण काय करतो?" मावशी मशीन न थांबवता म्हणाली. "आडव्यात लावून बघ."

तिने मला आडवा धरला. बटण सरकून शाबूत काचेवर आलं. अक्षरंही मोठी झाली.

"मला वाचावं लागेल. हसलीस तर बंद करीन."

"मी कशाला हसू? पानं कापली कुणी?"

पोरगी वाचू लागली. अडखळली, चिडली, तोच शब्द पुन्हा धरला. मावशीने मशीन तिच्या चालीवर आणलं.

"आली का गं ती?"

"थांब ना. चार ओळी राहिल्यात."

मशीन थांबलं.

"आली," पोरगी म्हणाली. "पण दारातच उभी आहे. कुणीतरी आत ये म्हणायची वाट बघतेय."

मावशीने गिऱ्हाइकाच्या अस्तराला डोळे पुसले. ते अस्तर नंतर बदलून द्यावं लागलं.

"आता दुसरं कुठलं पुस्तक आहे त्यात?" तिने विचारलं. पोरीने मला खाली ठेवलंच नाही.

आता मी डब्यात नसतो. मशीनशेजारी अस्तराच्या घडीवर माझी जागा आहे, आणि रोज दुपारी पोरीचा आवाज माझ्या काचेवरून जातो. दोघींचे माझ्यावर उपकार आहेत. मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखा कुणी पडून असेल. त्याला टाकण्याआधी एकदा आडवा धरून बघा.