कडीच्या डब्याचं झाकण

मायाने दुधाची पिशवी दुकानातल्या ट्यूबलाइटसमोर धरली, दोन बोटांनी दाबून पाहिली आणि मग नाकाशी नेली.

"ताई, दूध घेऊन राहिल्या का सोयरीक जुळवून राहिल्या?" देवानंदने गल्ल्यामागून विचारलं.

"क्रेट उन्हात होता."

"आत्ताच गाडीतून उतरवला ना. ऊन तं उठायचं हाय अजून."

ऊन खरंच उठलं नव्हतं. पण एप्रिलमधल्या अमरावतीत उन्हाचा भरवसा कोण धरणार? मायाने क्रेटच्या तळातली, निळ्या पट्टीची पिशवी मागून घेतली, काळ्या कापडी थैलीत घातली, थैलीचं तोंड आवळलं आणि स्कूटीच्या डिकीत ठेवली.

पातळ प्लास्टिकमधून उजेड आत शिरतो, दुधातली जीवनसत्त्वं कमी करतो आणि चवही बिघडवतो, असं तिने वाचलं होतं. वाचून ते विसरून जाणाऱ्यांतली ती नव्हती. तिच्या सव्वा वर्षाच्या लेकीचं, मैनाचं वजन अडलं होतं आणि डॉक्टरांनी दूध वाढवायला सांगितलं होतं. मैना मात्र दूध तोंडात घ्यायची, विचार केल्यासारखं थांबायची आणि फवारा सोडायची. मायाने पिशवी बदलली, पुठ्ठ्याचा खोका आणला, काचेच्या बाटलीतलं महागडं दूधही आणून पाहिलं. मैनाने सगळ्यांना एकच न्याय दिला.

"उद्यापासून ते काळी थैली घेऊन मी जाणार नाही," तिचा नवरा स्वप्निल म्हणाला. "खालचे काका काल मले म्हणे, सकाळी सकाळीच काय रे बाप्पा?"

रविवारी दुपारी स्वप्निलची आई आली. इंदूबाई दर्यापूरकडच्या गावाहून जीप, एसटी आणि मग ऑटो करत आल्या होत्या. चेहरा लाल, पदर घामाने भिजलेला. हातात स्टीलचा कडीचा डबा.

"घरच्या म्हशीचं हाय. पहाटं धार काढली."

माया झाकणाकडे हात नेणार, तोच त्यांनी डबा दुसऱ्या हातात घेतला.

"वास घेऊ नोको वं. दुधाले नजर लागते."

"आई, तुम्ही कधीपासून नजर मानायला लागल्या?"

"दुधाची मानाव लागते," म्हणत त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि दूध स्वतः तापवायला ठेवलं.

मग कोमट दूध त्यांनी डब्याच्याच झाकणात ओतलं आणि मैनाला मांडीवर घेतलं. बोटातली अंगठी झाकणाच्या काठावर वाजवली. मैनाने दोन्ही हातांनी झाकण धरलं, त्याच्या चकचकीत कडेत कोण बसलंय ते वाकून पाहिलं आणि पिऊ लागली. माया टॉवेल घेऊन तयारच होती. फवारा आला नाही. झाकण रिकामं झालं, मैनाने ते फरशीवर दणकन आपटलं आणि पुन्हा पुढे केलं.

मायाचे डोळे भरून आले. पण बोलली ती वेगळंच.

"बघितलं? स्टील! आत उजेड नाही, प्लास्टिकचा वास नाही. मी म्हणत होते तेव्हा हसत होता."

"मंग काळ्या थैलीच्या जागी स्टीलची शिवून घेऊ," स्वप्निल म्हणाला.

इंदूबाईंनी पदराने मैनाचं तोंड पुसलं. एरवी म्हशीचं कौतुक त्या इतक्या थोडक्यात आटोपत नसत.

संध्याकाळपर्यंत मैनाने झाकणातून आणखी दोनदा दूध घेतलं. उरलेलं दूध पातेल्यात काढून माया डबा घासायला बसली. डब्याला आंबूस वास होता. नळाखाली धरला तेव्हा तळाला चिकटलेलं काहीतरी सुटून तिच्या नखाला लागलं. प्लास्टिकचा तिकोनी तुकडा. त्यावर निळी पट्टी.

माया तुकडा बोटावर घेऊन पाहत राहिली. एवढ्या उन्हात जीप आणि एसटी. म्हशीचं दूध वाटेतच फाटलं असणार. आणि ऑटो थांबतात कुठे, तर देवानंदच्या दुकानापाशी.

तिने स्वयंपाकघराच्या दारातून बाहेर पाहिलं. इंदूबाई नातीला पंख्याखाली थोपटत होत्या आणि दर थोपटीबरोबर चोरून इकडे बघत होत्या. मायाने तुकडा मुठीत धरला आणि नळ मोठा सोडला.

सकाळी सासूबाई आंघोळीला गेल्या तेव्हा तिने क्रेटच्या वरचीच, जशी हाताला लागली तशी आणलेली पिशवी फोडली. दूध तापवून, कोमट करून झाकणात ओतलं आणि काठावर अंगठी वाजवली. मैनाने वाकून आत पाहिलं, स्वतःला ओळखलं आणि सगळं संपवलं.

दुपारी इंदूबाई निघाल्या. रिकामा डबा परत द्यायचा नसतो, म्हणून मायाने तो साखरेने भरला होता आणि तोंडाला स्वच्छ फडकं बांधलं होतं.

"झाकण कुठी हाय वं?"

"सापडतच नाहीये, आई. मैनाने कुठे टाकलं कोण जाणे."

इंदूबाईंनी फडक्याकडे पाहिलं, मग सुनेकडे, आणि डबा उचलला.

संध्याकाळी त्यांचा फोन आला.

"पोचली वं मी."

"डबा उघडला का?"

साखरेवर, मधोमध, मायाने तो निळ्या पट्टीचा तुकडा ठेवला होता.

"उघडला ना," इंदूबाई म्हणाल्या. "साखर चांगली बारीक हाय. झाकण सापडलं काय?"

मैनाने झाकण फरशीवर आपटलं. तो आवाज थेट दर्यापूरकडे गेला असणार.

"नाही, आई. अजून नाही."

"सापडू देऊ नोको," इंदूबाई म्हणाल्या. आणि आवाज खाली करून, "अन् पायजो, पिशवीचा कोपरा पुरा कापत नोको जाऊ. उलीसा लागून राहू देत जाय. नाई तं दुधात पडते."