यादीतलं चौथं नाव

मित्रांनो, आधीच सांगून ठेवते, मी गोड स्वभावाची नाही. मी सायकलची एक जुनी चेन आहे आणि मी चावते. तेल लावायला आलेलं बोट असो की पायजम्याची कड असो, माझ्या आणि दात्यांच्या मध्ये जे सापडेल ते मी धरते. माझा जन्मच मारझोडीत झाला, त्याला मी काय करू? कारखान्यात पोलादाच्या पट्टीवर यंत्राचा हातोडा दणादण पडत होता. दर घावाला एक तुकडा तुटून पडायचा. मग त्याला दोन भोकं पाडायची, भट्टीत लाल करायचं आणि तेलात बुडवायचं. असे तुकडे पिना ठोकून जोडले आणि एकशे सोळा कड्यांची मी तयार झाले. रडायला मला कुणी वेळ दिला नाही.

तिथून मी आले कळंबला, एसटी स्टँडच्या मागे, बलभीम मिस्त्रींच्या सायकल दुकानात. मिस्त्री साठीच्या पुढचे. बोलणं कमी, शिव्या जास्त. त्यांनी मला एका गिअरच्या सायकलवर चढवलं. जाड टायर, पुढं स्प्रिंग, रंग काळा. ती सायकल होती बुद्धघोष ओव्हाळची. हा मांजरा नदीकाठच्या एका गावात शाळामास्तर. पहिल्याच दिवशी मी त्याच्या करंगळीचं नख फोडलं. तो बोट तोंडात घालून हसला आणि म्हणाला, "वळख झाली म्हणायची."

खरं सांगते, तेव्हापासून मी त्याची झाले.

त्याचे सोबती तीन. रणधीरचं बी-बियाण्यांचं दुकान होतं आणि गावाबाहेर मोठी शेती होती. योगीराज सतत खाणारा आणि सतत बोलणारा. त्याची थोरली बहीण निकिता बँकेत होती आणि चौघांत एकटीच डोकं ठिकाणावर असलेली. दर रविवारी ही मंडळी येडशीच्या घाटात जायची. रामलिंगाच्या रानात दगडाधोंड्यांतून सायकली खाली सोडायच्या. माकडं केळी पळवायची, योगीराज माकडांच्या मागे पळायचा आणि आपटायचा. गुडघे फुटायचे, कोपरं सोलायची. एकदा उतारावर मीच दात्यांवरून उडाले. बुद्धघोष हॅन्डलवरून पुढं फेकला गेला आणि त्याचा पाय मुरगळला. रणधीरनं त्याला पाठकुळी घेतलं आणि दोन कोस चालत डांबरी रस्त्याला आणलं. वाटेत एकदाही खाली ठेवला नाही. हे मी मागून ढकलत आणलेल्या सायकलवरून पाहिलं आहे, म्हणून पुढचं सांगताना मला जड जातं.

त्या पावसाळ्यात त्यांच्या मनानं घेतलं की आता खरा डोंगर गाठायचा. आमचा बालाघाट कितीही म्हटलं तरी टेकड्यांचाच. त्यांना हवा होता सह्याद्री. माघात निघायचं, चार दिवस राहायचं, पिकअपमध्ये सायकली आडव्या टाकून न्यायच्या. बेत ठरायचा तो मिस्त्रींच्या दुकानात. निकितानं वहीच्या पानावर यादी करून भिंतीला चिकटवली. जादा ट्यूब, ब्रेकचे रबर, पट्ट्या, टिंचर, तंबू. योगीराजनं त्याखाली लिहिलं, 'धपाटे ऐंशी'. निकितानं ते खोडून चाळीस केलं. त्यानं रात्रीतून परत ऐंशी केलं. मिस्त्री म्हणायचे, "तुमी डोंगरावर चाललात का वऱ्हाडाला?"

राहण्याची सोय रणधीरनं अंगावर घेतली. त्याच्या मामांचं, नानासाहेबांचं, डोंगराच्या पायथ्याशी शेत होतं आणि तिथं त्यांनी पाहुण्यांसाठी खोल्या बांधल्या होत्या. "मामाकडं नावं धाडली की काम झालं. तंबू कशाला वागवायचा?" असं तो म्हणाला. मग तंबूवर काट मारली गेली.

मलाही डोंगर पाहायचा होता, मित्रांनो. लोखंडाला इच्छा नसते असं तुम्हाला वाटत असेल, तर ते चूक आहे.

मध्ये वेळ अमावस्या, आमची येळवस, आली. आमच्याकडे त्या दिवशी गाव ओस पडतं आणि शिवार माणसांनी भरतं. चौघं सायकली घेऊन रणधीरच्या शेतात गेले. कडब्याची खोप, खोपीत पूजा, मोठ्या पातेल्यात पालेभाज्या-शेंगांची भज्जी, मडक्यात आंबील. सगळे एका पंगतीला बसले. बुद्धघोष कागदी ग्लासातून आंबील प्यायला, 'लई झकास' म्हणाला आणि त्यानं आणखी मागून घेतली. मी ज्वारीच्या कडेला सायकलवर होते. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. त्यालाही दिसलं नसावं.

मग तो रविवार आला.

निघायला आठ दिवस राहिले होते. लांबच्या प्रवासाआधी मिस्त्री चेन उतरवून धुतात. रॉकेल मिळेनासं झाल्यापासून त्यांच्याकडे डिझेलचा डबा असतो. त्यांनी माझी जोडकडी काढली आणि मला त्या डब्यात सोडलं. मी लांबच लांब, सुटी, तेलकट, चौघांच्या मधोमध पडले होते. बेताचा हिशेब निकिताकडे, म्हणून रणधीरनं मामांना तिचाच नंबर दिला होता. तिच्या फोनवर नानासाहेबांचा निरोप आला. जेवणाची माणसं मोजायची म्हणून त्यांनी रणधीरनं पाठवलेली नावं परत धाडली होती. तिनं मोठ्यानं वाचली. रणधीर, योगीराज, निकिता, आणि गणेश पवार.

"हा गणेश पवार कोण?" तिनं विचारलं.

रणधीर हसला. "अगं, आपला बुद्ध्याच की. मामा जरा जुन्या वळणाचे हायत. कागदावर नुसतं लिवलंय. दोन-चार दिस गणेश म्हणलं तर काय बिघडतंय?"

बुद्धघोष हसला नाही. "नाव माझं न्हाय. आडनाव माझं न्हाय. मग जाणार कोण?"

"तुझ्यासाठीच केलं न्हवं का म्या? तिथं गेल्यावर कुणी तोंड वाकडं केलं असतं, ते बरं दिसलं असतं?"

"म्या येत न्हाय. त्या गणेशला घिऊन जा." तो उठला, मग थांबला. "रणधीर, येळवशीला समद्यांना स्टीलचे गिलास व्हते. मला एकट्याला कागदी आला. म्या म्हणलं, भांडी कमी पडली आसतील."

आता इथं रणधीर गप्प बसला असता तर ही गोष्ट मी तुम्हाला सांगितली नसती. पण शरम वाटली की काही माणसांना ती सोसत नाही. ती लगेच रागाच्या वाटेनं बाहेर पडते. त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आमच्या ताटात जेवून आमच्यावरच?" तो ओरडला आणि त्यानं बुद्धघोषच्या थोबाडीत मारली. आवाज स्टँडपर्यंत गेला असेल. बुद्धघोषनं त्याला दोन्ही हातांनी ढकललं. रणधीर डब्यावर पडला, डबा कलंडला, आणि डिझेलमध्ये चाचपडणाऱ्या त्याच्या हाताला मी लागले.

त्यानं मला मुठीत गुंडाळलं आणि उभा राहून फिरवलं. पहिल्या फेऱ्यात मी भिंतीवरच्या आरशाला लागले आणि आरशाच्या चिरफळ्या झाल्या. दुसऱ्या फेऱ्यात मी बुद्धघोषच्या तोंडावर बसले. डाव्या भुवईपासून कानापर्यंत. मी मघाशी सांगितलं ना, मी धरते. मी कातडी धरली आणि ओढली गेले तेव्हा सोबत घेऊन आले. ज्याला मी तीन वर्षं घाट चढवला होता, त्याचं रक्त माझ्या कड्यांमध्ये शिरलं. डिझेलच्या वासात त्याचा वास मिसळला.

निकिता किंचाळली. योगीराजनं रणधीरची कंबर धरली, रणधीरनं त्याला कोपरानं हाणलं आणि मला तिसऱ्यांदा उगारलं. पण या वेळी बुद्धघोषनं माझं टोक हवेतच पकडलं. मनगटाला एक वेढा घेतला आणि हिसका दिला. रणधीर भेलकांडत त्याच्या अंगावर आला. पुढच्या क्षणी मी रणधीरच्या गळ्याभोवती होते, बुद्धघोष त्याच्या पाठीशी होता, आणि तो मला आवळत होता.

रणधीरचे पाय फरशीवर घासू लागले. टायरांची चळत कोसळली. त्याची नखं माझ्यावर खरखरत होती. तोंड काळंनिळं पडलं. बुद्धघोषच्या भुवईतलं रक्त रणधीरच्या केसांत टपकत होतं. निकिता त्याच्या पाठीवर मुठी मारत होती, "सोड, मरंल त्यो, सोड!" बलभीम मिस्त्री हवेचा पंप दोन्ही हातांनी उगारून उभे होते, पण घालायचा कुणाच्या डोक्यात हे त्यांना कळत नव्हतं. मी कड्याकड्यानं गळ्यात रुतत होते. श्वास आत जायचा थांबला, हे माझ्याइतकं जवळून कुणालाच कळलं नाही.

आणि मग मी सैल झाले.

नंतर गावात लोक म्हणाले, नशीब, चेन तुटली. मित्रांनो, हे खोटं आहे. माझ्यासारखी चेन हातानं ओढून तुटत नसते. मी तुटले नाही, मी निसटलेही नाही. त्यानं सोडलं. तो मागं सरकला, भिंतीला टेकला आणि आपल्या हातांकडे बघत बसला. दोन्ही तळहात माझ्यामुळे कापले होते.

सरकारी दवाखान्यात त्याला अकरा टाके पडले. डोळा वाचला, पण डावी पापणी आता अर्धीच मिटते. रणधीरच्या गळ्यावर माझ्या कड्यांची माळ उठली आणि त्याचा आवाज बसला.

चार दिवसांनी रणधीरचे वडील दुकानात आले. बुद्धघोषला आणि त्याच्या आईला, पुतळाबाईंना, त्यांनी बोलावून घेतलं होतं. योगीराज आणि निकिताही होते. मिस्त्रींनी मला उचलून भिंतीवरच्या खिळ्याला टांगलं होतं, यादीच्या शेजारी. त्यांनी मला तोवर धुतलं नव्हतं. वडील म्हणाले, "पोरांची भांडणं हायत. दोघांनी बी मारलंय. मिटवून टाकू."

पुतळाबाई म्हणाल्या, "मिटवा म्हणणारे तुमी. पापणी माझ्या लेकाची मिटंना."

बुद्धघोष शांतपणे बोलला. "तक्रारीचं माझं म्या बघतो. मला माफी नको. पैसा बी नको. रणधीर, तू आत्ता मामांना फोन लाव. स्पीकरवर ठिव. आन् त्यांना माझं नाव सांग."

रणधीरनं वडिलांकडे पाहिलं. वडील छताकडे बघत होते. दोनदा चुकीचा नंबर लागला. तिसऱ्यांदा नानासाहेबांचा खणखणीत आवाज आला, "बोला भाचेबुवा! कधी निघताय?"

"मामा, ते चौथं नाव चुकीचं हाय," रणधीर घोगऱ्या आवाजात म्हणाला. "गणेश पवार असं कुणी न्हाय. त्याचं नाव बुद्धघोष ओव्हाळ. माझा दोस्त हाय."

पलीकडून मामा बोलले, अगदी मायेनं. "अरे, मग आधी नाही का सांगायचं? येऊ दे की. गोठ्यामागं एक खोली आहे, पत्रा नवाच टाकलाय. ताट-वाटी तेवढी त्यानं त्याची आणावी, म्हणजे कुणाला अवघड नको."

मामांच्या आवाजात राग नव्हता. मी कवटीचं हाड ऐकलं आहे, गळ्यातली घरघर ऐकली आहे. पण तो गोड आवाज ऐकला तेव्हा मला खिळ्यावर राहवेना.

रणधीरनं फोन बंद केला. तो वडिलांकडे वळला. "आबा, येळवशीला त्यो कागदी गिलास कुणी दिलता?"

वडिलांनी चप्पल पायात सरकवली आणि ते दुकानाची पायरी उतरले.

बुद्धघोष उठला. त्यानं यादीपाशी येऊन मिस्त्रींचं पेन घेतलं आणि काट मारलेल्या तंबूच्या खाली परत 'तंबू' लिहिलं. "डोंगर काय कुणाच्या मामाचा न्हाय," तो म्हणाला. "आमी तिघं जातो." रणधीरला त्यानं 'चल' म्हटलं नाही आणि रणधीरनंही विचारलं नाही.

टाके निघाल्यावर ते तिघं गेले. सायकलला नवी चेन बसली. मी खिळ्यावरच राहिले. मी डोंगर पाहिला नाही, मित्रांनो, आणि आता पाहीन असं वाटत नाही.

ते गेले त्या रविवारी रणधीर दुकानात आला. मिस्त्रींनी मला त्याच्या पुढ्यात टाकलं. "ज्या हातानं उचलली, त्याच हातानं धू." तो डिझेलमध्ये मला घासत बसला. माझी एक कडी आखडली आहे, जी भुवईवर बसली ती. तिला तो तेल सोडत होता, सुईनं टोकरत होता. ती हलली नाही. पुढच्या रविवारी तो परत आला.

तो मला घासत असतानाच बुद्धघोष सायकल घेऊन आत आला. आमच्याकडे माती काळी. त्याच्या टायरांना लाल माती लागली होती. माझ्या वाट्याला डोंगर आला तो एवढाच. दोघांची नजरानजर झाली. रणधीरनं हातातलं फडकं खाली ठेवलं.

"तिथं वनखात्याच्या नाक्यावर वहीत नाव लिवावं लागतं म्हणं," तो म्हणाला.

"लागतं."

"लिवलंस?"

"लिवलं. पुरं." बुद्धघोषनं मला उचलून ती आखडलेली कडी बोटांनी वाकवून पाहिली आणि परत रणधीरच्या हातात दिली. मग तो नव्या चेनला तेल घालायला वळला. निघून मात्र गेला नाही.

माझं म्हणणं थोडकं आहे. चेन रविवारच्या रविवार धुवा, तेल घाला, मग ती तुम्हाला चावणार नाही. रागात असताना तिच्या जवळ बसू नका. आणि दोस्ताचं नाव कुठं लिहायचं झालं तर आहे तसं लिहा, पुरं लिहा. ते ज्यांना चालत नाही त्यांच्या दारात सायकल उभी करू नका. तंबू काही फार जड नसतो.